सोसायटीच्या गच्चीवरचा पहिला अँटेना: काय विकत घ्यावे, काय स्वतः बांधावे

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. विचारणारे ठाण्यात सात मजली सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा, रेस्ट्रिक्टेड ग्रेडचा परवाना नुकताच हाती आला आहे, रेडिओ ५० वॉटचा आहे. गच्ची साधारण १४ बाय ९ मीटर. मधोमध जिन्याची खोली, तिच्यावर पाण्याची प्लॅस्टिकची टाकी. सोसायटीने परवानगी दिली, पण गच्चीत कुठेही भोक पाडायचे नाही या अटीवर. सकाळी ४० मीटर बँडवर (७ मेगाहर्ट्झच्या आसपास) रत्नागिरी, कोल्हापूर, नागपूरच्या मंडळींशी बोलायचे आहे आणि हातातल्या छोट्या रेडिओवरून, म्हणजे हँडीवरून, २ मीटर बँडचा (१४५ मेगाहर्ट्झ) रिपीटर, म्हणजे उंचावरून सिग्नल पुढे पाठवणारे स्टेशन, खात्रीने उघडायचा आहे. दुकानदार सगळ्या बँडवर चालणारा, रेडियल (अँटेनाच्या पायापासून पसरायच्या तारा) न लागणारा एक उभा अँटेना सुचवतो आहे. तो घेतला तर सगळे पैसे त्यातच जातात. घ्यावा का?

घेऊ नका. त्या पैशात दोन अँटेना स्वतः बांधून होतील, चांगली केबल येईल आणि दोन्ही अँटेना तुमच्या कामाला त्याच्यापेक्षा जास्त उपयोगी पडतील. का, ते नीट समजून घ्या, कारण पुढचा प्रत्येक अँटेना निवडताना हाच विचार करावा लागणार आहे.

कोणत्याही अँटेनाबद्दल पहिला प्रश्न असा विचारायचा की मला कुठे पोचायचे आहे आणि त्यासाठी लहर आकाशात किती अंशांनी जायला हवी. ठाण्याहून कोल्हापूर सरळ रेषेत सुमारे ३०० किलोमीटर आहे. लहर ज्यावरून परतते तो आयनांबराचा (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित भागाचा) एफ-२ थर साधारण ३०० किलोमीटर उंचीवर धरू. वाटेच्या मध्यावर, म्हणजे १५० किलोमीटरवर, लहर त्या उंचीला पोचली पाहिजे. म्हणजे तुमच्या गच्चीवरून ती क्षितिजापासून ६३ अंश वर निघायला हवी. रत्नागिरी २५० किलोमीटर, तिथे कोन आणखी उभा, ६७ अंशांच्या आसपास. नागपूर ६८० किलोमीटर, तिथेही सुमारे ४० अंश लागतात. तुमचे सगळे काम आकाशाच्या वरच्या अर्ध्या भागात आहे.

आता पाव तरंगलांबीचा उभा अँटेना घ्या. तो आपली बहुतेक शक्ती क्षितिजापासून २० ते ३० अंशांच्या पट्ट्यात टाकतो आणि डोक्यावर जवळजवळ काहीच पाठवत नाही. असा अँटेना लावलात तर जपान किंवा युरोपचे स्टेशन कधीतरी ऐकू येईल, पण रत्नागिरीचा माणूस नावाने हाक मारत असला तरी तुम्हाला तो कुजबुजल्यासारखा ऐकू येईल. आणि दुकानातला तो अँटेना तर पाव तरंगलांबीचाही नाही. ४० मीटरसाठी पाव तरंगलांबी म्हणजे १० मीटर. सहासात मीटरच्या नळीत कॉइल किंवा ट्रान्सफॉर्मर घालून ती भागवलेली असते. ‘रेडियल लागत नाहीत’ याचा अर्थ बहुतेक वेळा असा की केबलचे बाहेरचे कवच रेडियलचे काम करते. मग तीच केबल तुमच्या खोलीपर्यंत रेडिओ लहरी घेऊन येते आणि इमारतीतला सगळा विजेचा गोंगाट रिसीव्हरपर्यंत वाहून नेते.

याउलट आडवा डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेली दोन समान भुजांची तार, जमिनीपासून पाव तरंगलांबीच्या आत असला, की शक्ती वर, थेट डोक्यावर आणि त्याच्या आजूबाजूला जाते. जवळच्या संपर्कासाठी हेच हवे. ‘अँटेना जेवढा उंच तेवढा चांगला’ हे वाक्य तुम्ही पुष्कळदा ऐकाल. ते दूरच्या स्टेशनांसाठी आणि २ मीटरसारख्या व्हीएचएफ बँडसाठी खरे आहे, पण ४० मीटरवर महाराष्ट्रभर बोलायचे असेल तर नाही.

इथे एक शंका रास्त आहे: गच्चीच जमिनीपासून २०-२२ मीटरवर असताना अँटेना बुटका कसा? स्लॅबमध्ये सळयांची जाळी असते आणि ती अँटेनाखाली जमिनीसारखी काही प्रमाणात वागते. पण १४ मीटरचा स्लॅब म्हणजे तरंगलांबीचा जेमतेम तिसरा हिस्सा, त्यामुळे खरी जमीनही आपला वाटा उचलते. दोन्हींची सरमिसळ होऊन उभे कोनही मिळतात आणि मधलेही. रत्नागिरी आणि नागपूर एकाच तारेवर सांभाळायला ही परिस्थिती वाईट नाही.

आपल्या भागाचे आणखी एक भाग्य आहे. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. थुंबा इथे १९६३ साली अग्निबाण तळ उभा राहिला तो याच कारणाने. विषुववृत्तावरून वर उचललेले इलेक्ट्रॉन उत्तरेकडे उतरतात आणि त्यांची सर्वांत दाट रांग साधारण गुजरात-मध्य प्रदेशावर पडते. महाराष्ट्र या पट्ट्याच्या उंबरठ्यावर आहे. म्हणून दिवसा आपल्या डोक्यावरचा एफ-२ थर ७ मेगाहर्ट्झची सरळ वर गेलेली लहर सहसा परत पाठवतो. उत्तर युरोपातल्या हॅमला हिवाळ्यात यासाठी ८० मीटरवर उतरावे लागते. आपल्याकडे सकाळी ४० मीटर बँड भरलेला असतो तो यामुळे. दुपारी त्याच्या बराच खालचा डी थर लहर शोषतो, आवाज बारीक होतात. रात्री उशिरा एफ-२ विरळ झाला की जवळची स्टेशने गायब होऊन लांबची येतात. असे झाले तर अँटेना बिघडला समजून वर चढू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी ८ वाजता ऐका.

आता बांधायचे काय ते सांगतो. इन्व्हर्टेड व्ही, म्हणजे मधोमध उंच आणि दोन्ही टोके उतरती असलेला अर्ध्या तरंगलांबीचा डायपोल. एकच उंच आधार लागतो, तो तुमच्याकडे जिन्याच्या खोलीच्या रूपाने तयार आहे. आडव्या डायपोलची रोधिता (इम्पिडन्स) मोकळ्या जागेत ७३ ओहम असते, रेडिओ आणि केबल ५० ओहमच्या असतात. भुजा खाली उतरवल्या की ती ५० च्या दिशेने येते, हा आणखी एक फायदा. फक्त दोन भुजांमधला कोन ९० अंशांच्या खाली जाऊ देऊ नका.

भोक न पाडता खांब उभा करायला रंगाचे २० लिटरचे रिकामे डबे आणा. मध्ये पाइपाचा तुकडा उभा धरून डबा काँक्रीटने भरा. एका डब्याचे वजन जवळपास ४८ किलो होते. जिन्याच्या खोलीवर असा एक डबा, त्यात साडेतीन मीटरचा फायबरग्लासचा किंवा जाड बांबूचा खांब, तीन बाजूंना ताण देणाऱ्या दोऱ्या. म्हणजे खांबाचे टोक गच्चीच्या फरशीपासून सुमारे ६ मीटरवर येते. प्लॅस्टिकच्या टाकीला काही बांधू नका, ती भरते-रिकामी होते तशी हलते. गच्चीच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत असेच दोन डबे, त्यांत अडीच मीटरचे बांबू. डबे कठड्याच्या आत, कठड्याला टेकवून ठेवा आणि तिथल्या ग्रिलला किंवा पाइपाला बांधून टाका.

गच्चीचा कर्ण १६.६ मीटर, म्हणजे मध्यापासून कोपरा ८.३ मीटर. खांबाचे टोक ६ मीटरवर, कोपऱ्यातला आधार अडीच मीटरवर. तिरपे अंतर ९ मीटर भरते. तारेची एक बाजू साधारण ९.८ मीटर लागणार आहे. उरलेले ८० सेंटिमीटर कोपऱ्यात वळवून त्याच उंचीवर कठड्याच्या रेषेत दोरीने ओढून घ्या. टोकाकडे प्रवाह जवळजवळ नसतो, तिथे तार वाकवल्याने फारसे बिघडत नाही. मधोमध, जिथे प्रवाह सर्वांत जास्त, तिथली तार मात्र सरळ आणि मोकळी हवी.

तार म्हणून घरच्या वायरिंगची दीड स्क्वेअर एमएमची पीव्हीसी वायर उत्तम. तांब्याची असते, कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मीटरवर मिळते आणि पाऊस-ऊन सोसते. मध्ये आणि टोकांना इन्सुलेटर म्हणून जाड पीव्हीसी पाइपाचे दहा सेंटिमीटरचे तुकडे चालतात. चिनी मातीचे अंड्याच्या आकाराचे इन्सुलेटर मिळाले तर अधिक चांगले. खांबाच्या टोकाला एक छोटी स्टीलची कप्पी लावा आणि मधला इन्सुलेटर दोरीने वर चढवा. ही कप्पी विसरू नका. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, १७ मे २०२१ ला तौक्ते मुंबईच्या समोरून गेले. अशी सूचना आली की पाच मिनिटांत तार खाली घेता आली पाहिजे, वाऱ्यात खांबावर चढून नव्हे. दोरी साधी नायलॉनची घेतली तर उन्हाने दोनेक वर्षांत पिठासारखी होते, पॉलिएस्टरची घ्या.

लांबीचे सूत्र सोपे आहे. १४३ भागिले मेगाहर्ट्झमधली वारंवारता म्हणजे मीटरमधली एकूण लांबी. ७.१ साठी २०.१ मीटर, म्हणजे एक बाजू १० मीटर आणि थोडे. पण हे उघड्या तारेसाठी. पीव्हीसीच्या आवरणामुळे लहर तारेवर थोडी मंद चालते आणि तीच तार तीनचार टक्क्यांनी लांब असल्यासारखी वागते. शिवाय खाली स्लॅब आहे, भुजा उतरत्या आहेत. म्हणून सूत्राच्या आकड्यावर तार कापून मोकळे होऊ नका.

प्रत्येक बाजू १०.२ मीटर कापा. अँटेना नेहमीच्या जागी, नेहमीच्या उंचीवर चढवा आणि नॅनोव्हीएनए, म्हणजे अँटेना मोजायचे छोटे उपकरण, लावून पाहा. ते उपकरण नसेल तर जवळच्या हॅमकडून एका रविवारसाठी आणा. आपल्यात कोणी नाही म्हणत नाही. एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेना केबलशी किती जुळतो याचा आकडा, १ म्हणजे पूर्ण जुळणी. समजा त्याचा तळ ६.८२ मेगाहर्ट्झवर दिसला. एकूण लांबी २०.४ मीटर. नवी लांबी म्हणजे २०.४ गुणिले ६.८२ भागिले ७.१, येते १९.६. एका बाजूला ९.८. म्हणजे दोन्हीकडून ४० सेंटिमीटर कमी करायचे. एकदम ४० कापू नका. ३० सेंटिमीटर मागे दुमडून तारेलाच गुंडाळा, पुन्हा वर चढवा, पुन्हा मोजा. दोन्ही बाजूंना प्रत्येकी १० सेंटिमीटर कमी केले की तळ सुमारे ७० किलोहर्ट्झने वर सरकतो, हा हिशेब लक्षात ठेवा म्हणजे हातापायाला कमी श्रम पडतात. दुमडलेली तार मूळ तारेला घट्ट चिकटून असली की कापल्यासारखीच वागते, आणि उद्या जागा बदलली तर उलगडता येते. तळ ७.१ च्या आसपास आला की आपला ७.० ते ७.२ चा सगळा बँड दोनच्या आत बसतो. तिथे थांबा. १.५ एसडब्ल्यूआरला परत येणारी शक्ती ४ टक्के असते, २ ला ११ टक्के. १.३ चे १.१ करण्यासाठी दिवसभर उन्हात राबून पलीकडच्या माणसाला काहीही फरक कळत नाही.

मधल्या जोडावर, केबल जिथे तारेला मिळते तिथे, चोक, म्हणजे केबलच्या कवचावरचा प्रवाह अडवणारे वेढे, हवेतच. डायपोलच्या दोन बाजू समान आहेत, कोॲक्स केबल (मध्ये तार, भोवती जाळीचे कवच) तशी नाही. चोक नसेल तर केबलचे कवच अँटेनाची तिसरी भुजा बनते. फेराइटचे मोठे रिंग मिळाले, ३१ किंवा ४३ नंबरच्या मिश्रणाचे आणि अडीच इंच व्यासाचे, तर त्यावर पातळ कोॲक्सचे दहाबारा वेढे द्या. न मिळाले तर ११० मिलिमीटरच्या ड्रेनेज पाइपावर आरजी-५८ या पातळ कोॲक्सचे १५ वेढे, एकाशेजारी एक, चिकटून. साडेपाच मीटर केबल लागते आणि ७ मेगाहर्ट्झवर हजारएक ओहमचा अडसर उभा राहतो. वेढे एकावर एक गोळा करून बांधले तर पहिला आणि शेवटचा वेढा शेजारी येऊन बराचसा परिणाम वाया जातो. केबल घरात शिरते तिथे आणखी एक चोक दिलात तर तुमचा गोंगाट कमी होईल. सोसायटीत लिफ्टचे ड्राइव्ह, एलईडी दिव्यांचे सप्लाय, गच्चीवरचा सोलर इन्व्हर्टर हे सगळे ४० मीटरवर कुरकुरतात, आणि तो गोंगाट बराचसा केबलच्या कवचावरून आत येतो. नवा अँटेना लावल्यावर आधी पाठवून पाहण्याची घाई सगळे करतात. मी सांगेन, आधी तासभर नुसते ऐका आणि रेडिओच्या सिग्नल मीटरवर गोंगाट किती ‘एस’ आहे ते लिहून ठेवा.

आता २ मीटर. इथे सगळे उलटे आहे. सरळ दिसेल तिथपर्यंतच लहर जाते, त्यामुळे उंची म्हणजे सर्वस्व. क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये काढायला मीटरमधल्या उंचीच्या वर्गमुळाला ४.१२ ने गुणा. २७ मीटरवर अँटेना असेल तर २१ किलोमीटर. डोंगरावरच्या रिपीटरचे स्वतःचे क्षितिज त्यात मिळवा. अँटेना उभाच हवा, कारण रिपीटर आणि गाड्यांवरचे अँटेना उभे असतात आणि आडव्या-उभ्याच्या तफावतीत सिग्नल प्रचंड पडतो.

पण २ मीटरवर नवा माणूस फसतो तो अँटेनात नाही, केबलमध्ये. गच्चीवरून तिसऱ्या मजल्यापर्यंत, आडवी-उभी वळणे धरून, तुम्हाला ३० मीटर केबल लागेल. आरजी-५८ मध्ये १४५ मेगाहर्ट्झवर १०० मीटरला सुमारे २० डेसिबल जातात, म्हणजे तुमच्या ३० मीटरमध्ये ६. हँडीच्या पाचपैकी सव्वा वॉट वर पोचतो. ऐकतानाही तेवढेच गमावता. तीच आरजी-५८ ७ मेगाहर्ट्झवर सव्वा डेसिबलच्या आसपास खाते, त्यामुळे ४० मीटरसाठी ती खुशाल वापरा. २ मीटरसाठी आरजी-२१३ घेतली तर पाचातले २.८ वॉट पोचतात, एलएमआर-४०० जातीच्या केबलने साडेतीन. पैसे आखडते असतील तर केबल टीव्हीवाल्यांची आरजी-६ घ्या. ७५ ओहमची आहे, पण त्याने एसडब्ल्यूआर फार तर दीडवर जातो आणि नुकसान ३० मीटरला दोन डेसिबलच्या आसपास राहते. तिची जाळी ॲल्युमिनियमची असते, सोल्डर धरत नाही; एफ कनेक्टर क्रिंप करून पुढे जोडणी घ्या. हा पर्याय मी बिनदिक्कत सुचवतो. गळक्या ५० ओहमपेक्षा चांगली ७५ ओहमची केबल केव्हाही बरी.

याच ठिकाणी एसडब्ल्यूआर मीटर कसा फसवतो ते पाहा. ६ डेसिबल खाणारी केबल घ्या आणि वरच्या टोकाला अँटेनाच जोडू नका. वर गेलेली लहर पूर्ण परत येते, पण जाताना ६ आणि येताना ६ डेसिबल झिजते. खाली खोलीतला मीटर १.७ दाखवतो. अँटेना नाही, तरी मीटर म्हणतो ठीक चालले आहे. पावसाळ्यात केबलमध्ये पाणी शिरले की एसडब्ल्यूआर ‘सुधारतो’ तो असाच. म्हणून मीटरचा आकडा अचानक चांगला झाला तर आनंद मानू नका, केबल तपासा. अँटेना चांगला की वाईट हे एसडब्ल्यूआर सांगतच नाही. डमी लोडचा (अँटेनाऐवजी लावायच्या, शक्ती नुसती उष्णतेत घालवणाऱ्या रोधाचा) एसडब्ल्यूआर १ असतो आणि त्याने कोणाशी बोलता येत नाही.

२ मीटरचा अँटेना म्हणून पाव तरंगलांबीचा ग्राउंड प्लेन, म्हणजे एक उभी रॉड आणि तिच्या पायाशी चार रेडियल, बांधा. एका दुपारचे काम. चौकोनी बैठकीचा एसओ-२३९ हा केबलचा सॉकेट घ्या, त्याला चार भोके असतात. मधल्या पिनेत पितळी ब्रेझिंग रॉड सोल्डर करा, शेवटी ती ४९ सेंटिमीटरच्या आसपास राहील. चार भोकांत ५१-५२ सेंटिमीटरच्या चार रॉड नट-बोल्टने कसून ४५ अंश खाली वाकवा. रेडियल आडवे ठेवले तर रोधिता ३६ ओहमच्या आसपास राहते, खाली वाकवले की ५० कडे येते. उभी रॉड सुरुवातीला ५० सेंटिमीटर ठेवून, अँटेना वर मोकळ्यात धरून, तीनतीन मिलिमीटर घासत आणा. पाया पीव्हीसी पाइपात अडकवा, केबल आतून खाली न्या, वरच्या जोडाभोवती एम-सील भरा. सिलिकॉन वापरणार असाल तर ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते नको. त्यातले आम्ल तांबे खाते. न्यूट्रल क्युअर लिहिलेले घ्या.

जोड झाकण्याबद्दल इतका आग्रह धरतो कारण कोकण किनारपट्टीत अँटेना मारतो तो पाऊस आणि खारा वारा, वादळे क्वचित. कनेक्टरवर आधी आपोआप चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा, तिच्यावर चांगली पीव्हीसी टेप, खालून वर अशा क्रमाने, म्हणजे पाणी घडीत न शिरता ओघळून जाते. केबल खिडकीत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या. पाणी तिथून ठिबकेल, आत येणार नाही. दर वर्षी मे महिन्यात एक कनेक्टर उघडून पाहा. आतली जाळी तांबूस चमकदार असेल तर ठीक. काळी किंवा हिरवट दिसली तर मीटरभर केबल कापून नवा कनेक्टर लावा. तेवढ्यानेही काळेपणा संपला नाही तर केबल गेली समजा.

बाकीचे अँटेना कधी, ते थोडक्यात. मध्ये आधारच नसेल, फक्त खिडकी आणि समोरचे झाड असेल, तर टोकाकडून फीड होणारा, म्हणजे केबल टोकालाच जोडलेला, अर्ध्या तरंगलांबीचा अँटेना, ज्याला सगळे ईएफएचडब्ल्यू म्हणतात. २० मीटर तार, ४९ ला १ चा ट्रान्सफॉर्मर: ४३ नंबरच्या रिंगवर दोन वेढ्यांना चौदा, आणि दोन वेढ्यांच्या बाजूला शंभरेक पिकोफॅरडचा जास्त व्होल्टेज झेलणारा कपॅसिटर. एकाच तारेवर ४०, २०, १५ आणि १० मीटर मिळतात. पण फीडच्या टोकाशी ५० वॉटलाच साडेतीनशे व्होल्ट असतात आणि केबलच्या कवचावरचा प्रवाह रोखायला चोक लागतोच, म्हणून गच्ची असताना मी डायपोलच सांगेन. गच्चीच नसेल तर बाल्कनीत मीटरभर व्यासाचा तांब्याच्या नळीचा लूप. २० मीटरवर तो छान चालतो, ४० वर दिलेल्या शक्तीपैकी जेमतेम दहावा भाग बाहेर पडतो आणि कपॅसिटरवर हजारो व्होल्ट येतात.

आणि उभा अँटेना? त्याला त्याची जागा द्या. मालवण, गुहागर किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर सुट्टीला जाल तेव्हा २० मीटर बँडसाठी ५ मीटरची उभी तार फिशिंग रॉडला बांधा, दोनचार रेडियल हातभर उंचीवर ताणा आणि लाटांपासून काही मीटरवर उभे राहा. समुद्राचे पाणी साध्या मातीपेक्षा शेकडो पट चांगले वाहक आहे. क्षितिजालगत निघालेली लहर त्यावर मरत नाही. तिथे ५० वॉटमध्ये आफ्रिका, युरोप अशी उत्तरे येतात की विश्वास बसत नाही. हाच अँटेना बेसाल्टच्या कोरड्या पठारावर निम्माही चालत नाही. अँटेना तोच, खालची जमीन वेगळी.

सुरक्षेचे तीन मुद्दे कोणत्याही आकड्याआधी. विजेच्या उघड्या तारा इमारतीजवळून जात असतील तर तुमची तार किंवा खांब कसाही पडला तरी त्यांना लागणार नाही इतके अंतर हवे. खात्री नसेल तर त्या बाजूला काम करू नका. डायपोलच्या टोकांवर पाठवताना काही शे व्होल्ट असतात आणि गच्चीवर कपडे वाळत घालायला, पापड टाकायला माणसे येतात, म्हणून टोके अडीच मीटरच्या खाली येऊ देऊ नका. तिसरे, वळवाचे पाऊस. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरात ढग जमले की केबल रेडिओपासून सोडवून खिडकीबाहेर टाका. नुसता रेडिओ बंद करून काही होत नाही. इमारतीला तडितरक्षक असेल तर तुमचा खांब त्याच्यापेक्षा खाली ठेवा, आणि धातूचा खांब असेल तर तो अर्थिंगला जोडण्याचे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. संक्रांतीनंतर एकदा वर जाऊन तारेला अडकलेला मांजा काढा. ओला मांजा, त्यात बसलेली धूळ आणि घासणारी तार यांनी पीव्हीसीचे आवरण चिरते.

अँटेना खरोखर चालतो की नाही, हे एका माणसाच्या ‘फाइव्ह नाइन’वरून, म्हणजे ‘उत्तम ऐकू येते’ या शेऱ्यावरून, ठरवू नका. आपली माणसे प्रेमाने फाइव्ह नाइन देतात. तुमच्या परवान्यात बसत असेल तर एफटी-८ या संगणकावरून चालणाऱ्या डिजिटल प्रकारावर पंधरा मिनिटे काढा आणि पीएसके रिपोर्टर या संकेतस्थळाच्या नकाशावर तुम्हाला कोणी कोणी ऐकले ते पाहा. दोन अँटेनांची तुलना करायची तर स्विच लावून एका मिनिटात अनेकदा अदलाबदल करा. सिग्नल फेडिंगने स्वतःच इतका वरखाली होतो की सकाळचा आणि संध्याकाळचा आकडा ताडून काही सिद्ध होत नाही.

क्रम असा ठेवा. या आठवड्यात २ मीटरचा ग्राउंड प्लेन आणि त्याची केबल, कारण त्याने लगेच माणसे भेटतील आणि ४० मीटरच्या कामाला मदतीचे हात मिळतील. पुढच्या रविवारी डबे भरा. काँक्रीटला आठवडाभर पाणी मारा. त्याच्या पुढच्या रविवारी तार चढवा. १५ मीटर बँड याच तारेवर मिळेल असे कोणी सांगितले तर अर्धे खरे आहे: ७.१ ला कापलेली तार तिसऱ्या पटीत बरोबर २१.३ वर न येता २२ च्या आसपास येते, ट्यूनर (जुळणी करून देणारा डबा) लागतो. २० मीटर मात्र सहज जोडता येईल, त्याच मधल्या इन्सुलेटरवरून ५-५ मीटरच्या आणखी दोन तारा, उरलेल्या दोन कोपऱ्यांच्या दिशेने. त्या एकमेकींवर परिणाम करतात, म्हणून आधी ४० ची लांबी पक्की करा, मग २० च्या कापा, आणि ४० पुन्हा एकदा मोजा. तळ कुठे आला, एका बाजूची लांबी किती भरली आणि गोंगाट किती ‘एस’ दिसतो, हे तीन आकडे मला कळवा. २० च्या तारा नेमक्या किती ठेवायच्या ते त्यावरून सांगतो.

७३ (हॅम मंडळींची निरोपाची खूण, म्हणजे शुभेच्छा).